वाचक विचारतात: काउंटरचा आकडा जुळत का नाही?

मागच्या अंकात प्रोसेसरच्या आतल्या हार्डवेअर काउंटरबद्दल लिहिलं होतं. चिपमध्येच बसवलेले मोजके रजिस्टर, किती सायकल (घड्याळाचे ठोके) गेल्या, किती इन्स्ट्रक्शन पूर्ण झाल्या, किती कॅश मिस झाले हे मोजणारे (अशा प्रत्येक गोष्टीला इव्हेंट म्हणतात), आणि लिनक्सवर पर्फ नावाच्या टूलने ते कसे वाचायचे. कॅश म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी वेगवान मेमरी, एल१, एल२ ते लास्ट लेव्हल असे तिचे थर; हवं ते तिथे सापडलं नाही की मिस. त्यावर जी पत्रं आली त्यातल्या बऱ्याच जणांचा सूर एकच, "ताई, आकडे चुकीचे येतायत." बहुतेक ठिकाणी काउंटर बरोबर होता, फक्त तो तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं नाही तर भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत होता. एकदोन ठिकाणी मात्र चूक खरोखर चिपची आहे, त्यातली मोठी शेवटी घेते.

प्रश्न: मी एकदम बारा इव्हेंट देऊन पर्फ स्टॅट चालवतो. दर वेळी आकडे वेगळे. परवा तर एल२ कडे जेवढ्या मागण्या गेल्या त्याहून एल२ चे मिस जास्त दाखवले, असं कसं होईल? शेवटच्या कॉलममध्ये कंसात ३३ टक्के असं काहीतरी येतं, ते काय?

उत्तर: तुम्ही जे "काहीतरी" म्हणून सोडून दिलंत ना, तिथेच सगळं आहे. काउंटर मोजकेच असतात. इंटेलच्या स्कायलेक पिढीवर हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड) चालू असेल तर एका थ्रेडच्या वाट्याला ४ सर्वसाधारण काउंटर येतात, आइस लेकपासून ८, एएमडीच्या झेनवर ६. इंटेलवर सायकल, इन्स्ट्रक्शन आणि रेफरन्स सायकल (ठरलेल्या वेगाने चालणाऱ्या) यांना तीन राखीव जागा वेगळ्या. आता बारा जण आणि चार खुर्च्या म्हटल्यावर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) काय करतो तर दर काही मिलिसेकंदांनी चौघांना उठवतो आणि पुढच्या चौघांना बसवतो. म्हणजे तुमचा प्रत्येक इव्हेंट एकूण वेळाच्या साधारण एक तृतीयांशच मोजला गेला, ते हे ३३ टक्के. मग पर्फ त्रैराशिक मांडतो: ३ सेकंदांच्या रनमध्ये १ सेकंदच मोजलं आणि १० कोटी आले, तर ३ सेकंदांचे ३० कोटी. समोर दिसणारा आकडा मोजलेला नाहीये, अंदाजलेला आहे.

प्रोग्राम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच काम करत असेल तर हा अंदाज ठीक बसतो. पण आधी फाइल वाचतो, मग सॉर्ट करतो, मग लिहितो असं असेल तर एल२ च्या मागण्या वाचताना मोजल्या गेल्या आणि मिस सॉर्ट करताना, मग मागण्यांपेक्षा मिस जास्त आले यात नवल ते काय. ज्या दोन आकड्यांचा भागाकार करायचाय ते महिरपी कंसात एका ग्रुपमध्ये टाका, म्हणजे ते एकदमच बसतात आणि एकदमच उठतात. बाकी इव्हेंट चार-चार करून वेगळ्या रनमध्ये घ्या, आणि आर हा ऑप्शन देऊन प्रत्येक रन दहा वेळा करा, पुढे प्लस-मायनस टक्के छापून येतात. ते दहा-पंधरा टक्के दिसले तर सरासरीवर काहीही लिहू नका.

अजून एक चोर आहे, एनएमआय वॉचडॉग. कर्नल अडकलाय का हे बघणारा हा पहारेकरी स्वतः एक काउंटर धरून बसतो. इंटेलवर तो सायकलची राखीव जागाच अडवतो आणि मग तुमच्या सायकल सर्वसाधारण काउंटरमध्ये येऊन बसतात, की चारातले राहिले तीन. मोजण्यापुरता बंद करा, सिस्टिम कंट्रोलमध्ये कर्नलखाली त्याच नावाची सेटिंग आहे तिला ० द्या, आणि काम झालं की आठवणीने १ करा. आणि हो, आकड्याच्या जागी "नॉट काउंटेड" आलं तर त्या इव्हेंटची पाळीच आली नाही, प्रोग्राम त्याआधीच संपला. "नॉट सपोर्टेड" हे वेगळं, तो इव्हेंट त्या मशीनवर मिळतच नाही.

प्रश्न: ताई, मी एमटेक करतेय, मला अगं-तुगं केलं तरी चालेल. १ जीबीचा अ‍ॅरे मॅलॉक करून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचते आणि बेरीज करते. कॅश लाइन ६४ बाइटची, म्हणजे १,६७,७७,२१६ लाइन, तेवढे मिस यायला हवेत. लास्ट लेव्हल कॅशचे लोड मिस येतात जेमतेम काही हजार. सर म्हणतात काउंटर बिघडलाय, दुसऱ्या मशीनवर कर. दुसऱ्यावरही तेच.

उत्तर: हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण तू आधी उत्तर किती यायला हवं ते कागदावर काढलंस. बहुतेक जण आलेला आकडा बघून मग त्याला कारण शोधतात. आता एकेक थर काढू.

पहिलं, तू त्या अ‍ॅरेत काही लिहिलंस का? मॅलॉकने एवढी मोठी मेमरी मागितली की कर्नल फक्त पत्ते देतो, प्रत्यक्ष रॅम देत नाही. न लिहिता नुसती वाचलीस की त्या सगळ्या पानांना कर्नल शून्यांनी भरलेलं एकच सामायिक पान जोडून मोकळा होतो. ते पान ४ केबीचं. कॅश ओळखते ती फिजिकल पत्ता, त्यामुळे तू २,६२,१४४ वेगवेगळी पानं वाचतेयस असं तुला वाटतं आणि प्रोसेसर बिचारा तेच एक ४ केबीचं पान परत परत वाचत असतो, जे एल१ मध्ये आरामात मावतं. मिस येणार कुठून? (मोठी पानं चालू असतील तर ते शून्याचं पान २ एमबीचं असतं, तरीही लास्ट लेव्हलमध्ये सहसा मावतंच.) ओळखायची खूण सोपी, बेरीज शून्य येतेय का बघ.

मग तू म्हणशील मेमसेटने अ‍ॅरे भरते. कर, पण शून्याने नको. मॅलॉकला लागूनच शून्याचा मेमसेट दिसला की जीसीसी ऑप्टिमायझेशनमध्ये दोन्ही मिळून कॅलॉक (शून्यांनी भरलेली मेमरी देणारं फंक्शन) करून टाकतो आणि तू होतीस तिथेच परत. १ ने भर. शिवाय बेरीज शेवटी छाप, नाहीतर निकाल कुणी वापरतच नाही म्हणून कंपायलर अख्खा लूप उडवेल, तेव्हा जो आकडा येईल तो रिकाम्या प्रोग्रामचा.

एवढं केल्यावर मिस वाढतील, पण तुझ्या १ कोटी ६७ लाखांच्या बरेच खाली राहतील अशी माझी पैज. कारण दुसरा थर, प्रीफेचर. तू सरळ रेषेत वाचतेयस हे हार्डवेअरला दोनचार लाइनींतच कळतं आणि पुढच्या लाइन तू मागायच्या आधीच तो आणून ठेवतो. आता "लोड मिस" म्हणजे काय? बऱ्याच इंटेल मॉडेलवर हा इव्हेंट फक्त प्रोग्रामने स्वतः मागितलेल्या आणि न सापडलेल्या लाइन मोजतो. प्रीफेचरने आणलेल्या त्यात नाहीत. रॅममधून १ जीबी आलंच, फक्त ते दुसऱ्याच्या नावावर लिहिलं गेलं. खात्री करायची असेल तर मेमरी कंट्रोलरचे काउंटर बघ, सर्व्हर चिपवर ते पर्फमध्ये अनकोअर आयएमसी नावाने दिसतात, वाचनाचा आकडा गुणिले ६४ केलास की किती बाइट आले ते कळतं. मात्र ते अख्ख्या सॉकेटचं मोजतात, शेजारी ब्राउझर उघडा असेल तर त्याचंही.

तिसरा थर एल१ चा. एका लाइनीत ८ डबल (८ बाइटचे दशांश आकडे) बसतात. पहिल्याने लाइन मागवली, ती अजून वाटेत आहे, तेवढ्यात दुसरा, तिसरा लोड तीच लाइन मागतात. इंटेल या मागच्यांना एल१ मिस म्हणत नाही, फिल बफर हिट अशा वेगळ्या खात्यात टाकतो. म्हणून हिट अधिक मिस केलं तर एकूण लोडपेक्षा कमी भरतात आणि लोक घाबरतात. ते तिसरं खातं मिळवलं की हिशेब बसतो.

आणि आता खरी परीक्षा. त्याच १ जीबीचे ६४-६४ बाइटचे नोड कर, त्यांची एक मोठी साखळी यादृच्छिक क्रमाने गुंफ, प्रत्येक नोडमध्ये पुढच्याचा पॉइंटर, आणि साखळीवरून एक फेरी मार. पुढचा पत्ता हातातल्या नोडमध्येच लिहिलेला असल्यामुळे प्रीफेचरला काहीच ओळखता येत नाही. आता आकडा तुझ्या १,६७,७७,२१६ च्या जवळ यायला हवा. थोडा कमी, कारण साखळी बांधतानाच्या काही लाइन कॅशमध्ये उरल्या असतील. फक्त साखळी बांधण्याचं काम मोजणीतून वगळ: एकदा १ फेरी, एकदा २ फेऱ्या असे दोन रन घे आणि वजाबाकी कर, तयारीचा खर्च आपोआप गळून पडतो. हे जुळलं तर तुझा काउंटर ठणठणीत आहे, आणि सरांनाही तसं सांग, जरा जपून.

प्रश्न: एकच प्रोग्राम, एकच इनपुट, तरी इन्स्ट्रक्शनचा आकडा दर वेळी काहीशेने बदलतो. इन्स्ट्रक्शन तर ठरलेल्याच असायला हव्यात ना? आणि सुडो लावून चालवलं की आकडा बराच वाढतो.

उत्तर: सुडोचं आधी सांगते, ते सोपं आहे. साध्या युजरला बऱ्याच सिस्टिमवर कर्नलच्या आतलं मोजायची परवानगी नसते, पर्फ गुपचूप फक्त युजर बाजूचं मोजतो आणि इव्हेंटच्या नावापुढे कोलन यू लावतो. सुडोने कर्नलचंही मिळतं म्हणून आकडा फुगतो. दोन्ही बरोबर, पण एकमेकांशी तुलना करू नका.

काहीशेंचा फरक मात्र मजेशीर आहे. तुमचा मेन सुरू व्हायच्या आधी डायनॅमिक लिंकर लायब्ररी जोडतो, त्याचं काम पत्ते कुठे पडले आणि एन्व्हायर्नमेंटमध्ये किती व्हेरिएबल आहेत यावर थोडं बदलतं. स्टॅटिक बिल्ड करा, पत्त्यांची सरमिसळ बंद करा, फरक बराच खाली येईल. तरी शून्य होणार नाही. कारण एक्स८६ वर प्रत्येक हार्डवेअर इंटरप्ट आणि पेज फॉल्टमागे (मेमरीचं पान अजून जोडलेलं नसलं की होणारा व्यत्यय) युजरच्या इन्स्ट्रक्शनमध्ये एकाची जास्त भर पडते. हे वीव्हर आणि मॅकी या संशोधकांनी २००८ मध्ये नीट तपासून दाखवलं होतं, वीव्हर यांनी २०१३ मध्ये अजून बऱ्याच चिपवर तपासलं. टायमरचे टोले किती पडले त्यावर तुमचा आकडा हलतो, म्हणजे मशीन जेवढं गजबजलेलं तेवढा जास्त. उलट बाजूने, मेमरी कॉपी करणारी रेप मूव्ह इन्स्ट्रक्शन हजारो बाइट हलवते आणि मोजली जाते एकच.

अब्जांच्या हिशेबात काहीशे म्हणजे काहीच नाही, सोडून द्या. ज्यांना सोडून देता येत नाही अशी माणसंही आहेत. आरआर नावाचा डीबगर प्रोग्रामचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं परत चालवतो, त्याला एकाचाही फरक चालत नाही, म्हणून तो इन्स्ट्रक्शन नाही तर पूर्ण झालेले कंडिशनल ब्रँच मोजतो. एएमडी झेनवर तोही आकडा हलायला लागला तेव्हा प्रोसेसरमधलं एक ऑप्टिमायझेशन बंद करावं लागलं, अजूनही लागतं.

प्रश्न: हजार बाय हजार मॅट्रिक्सचा गुणाकार, म्हणजे २०० कोटी फ्लोटिंग पॉइंट क्रिया. इंटेलच्या जुन्या सँडी ब्रिज मशीनवर काउंटर याहून बरंच जास्त दाखवतो, नव्यावर बरंच कमी.

उत्तर: जुन्यावरची चूक तुमची नाही. सँडी ब्रिजचा तो इव्हेंट क्रिया पूर्ण झाल्यावर नाही, चालवायला पाठवतानाच मोजतो. पाठवली, आणि लागणारा आकडा कॅशमधून अजून आलाच नाही, की ती परत पाठवायची आणि परत मोजायची. कॅश मिस जितके जास्त तितकी "मेहनत" जास्त दिसते, म्हणजे कोड जितका वाईट लिहाल तितका काउंटर खूश. मॅट्रिक्स लहान घ्या, एल१ मध्ये मावेल एवढा, फुगवटा जवळपास जाईल. नंतरच्या हॅसवेल पिढीवर तर हा इव्हेंटच काढून टाकला होता, ब्रॉडवेलपासून परत आला तो पूर्ण झालेल्या क्रिया मोजणारा.

नव्यावर कमी दिसतंय कारण तिथे क्रियांऐवजी इन्स्ट्रक्शन मोजल्या जातात (एका इन्स्ट्रक्शनमध्ये अनेक क्रिया होऊ शकतात) आणि रुंदीप्रमाणे खाती वेगळी आहेत. २५६ बिटवाल्या डबलच्या खात्याला ४ ने गुणा, १२८ वाल्याला २ ने, सुट्यांना १ ने, मग बेरीज. गुणाकार-बेरीज एकत्र करणारी एफएमए इन्स्ट्रक्शन काउंटर स्वतःच दोनदा मोजतो, तिला वरून परत २ ने गुणू नका.

इव्हेंटचा कोड आकड्यात देत असाल तर तो तुमच्याच मॉडेलच्या तक्त्यातला आहे ना हे बघा. मी एकदा मागच्या पिढीच्या तक्त्यातला कोड उचलून दोन दिवस ग्राफ काढत बसले होते. ग्राफ इतका सुंदर चढत होता की शंकाच आली नाही, आणि मोजत काय होते तर भलतंच.

प्रश्न: पर्फ अ‍ॅनोटेटमध्ये सगळा वेळ एका साध्या बेरजेच्या इन्स्ट्रक्शनवर दाखवतो. रजिस्टरमधल्या बेरजेला एवढा वेळ?

उत्तर: चोर सोडून संन्याशाला फाशी. काउंटर भरला, इंटरप्ट आला, पण तो पोचेपर्यंत प्रोसेसर पुढे सरकलेला असतो आणि आळ पुढच्या कुणावर तरी येतो. याला स्किड म्हणतात. तुमच्या बेरजेच्या वरच्या ओळीत मेमरीतून वाचणारा लोड असेल, गुन्हेगार तो. इव्हेंटच्या नावापुढे कोलन देऊन दोन पी लावा, इंटेलवर पेब्स चालू होतं आणि हार्डवेअर स्वतः इन्स्ट्रक्शनचा पत्ता नोंदवतं, एएमडीवर त्यासाठी आयबीएस आहे.

प्रश्न: वेळ जवळपास तोच, पण लॅपटॉप चार्जरवर असताना सायकल खूप जास्त येतात, बॅटरीवर कमी. आणि नवीन लॅपटॉपवर सायकलच्या दोन-दोन ओळी येतात.

उत्तर: तुमचा प्रोग्राम मेमरीची वाट बघत बसणारा आहे, हे या एका वाक्यावरून कळलं. रॅमला समजा ८० नॅनोसेकंद लागतात, ते प्रोसेसरच्या वेगाने बदलत नाहीत. ४ गिगाहर्ट्झवर तेवढ्या वेळात ३२० सायकल फुकट जातात, २ वर १६०. म्हणून असल्या प्रोग्रामची सायकलवरून तुलना करायची तर आधी फ्रिक्वेन्सी बांधून टाका, टर्बो बंद करा, किंवा रेफरन्स सायकल सोबत घ्या, त्या ठरलेल्या वेगाने चालतात.

दोन ओळी म्हणजे चिपमध्ये दोन जातीचे कोअर आहेत, इंटेलमध्ये सर्रास २०२१ च्या अल्डर लेकपासून. प्रोग्राम मोठ्या कोअरवर होता तेवढा वेळ एका ओळीत, छोट्यावर होता तेवढा दुसऱ्या. दोन्ही कोअरची बांधणी वेगळी, त्यामुळे त्या ओळींची बेरीज करून काहीच हाती लागत नाही. टास्कसेट या कमांडने प्रोग्राम एका कोअरला बांधा आणि मग मोजा.

प्रश्न: क्लाउडच्या व्हर्च्युअल मशीनवर सगळं "नॉट सपोर्टेड".

उत्तर: खालच्या हायपरव्हायझरने (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) काउंटर तुमच्यापर्यंत पोचूच दिलेले नाहीत. तुमच्या बाजूने सहसा काही करता येत नाही, अख्खं फिजिकल मशीन घ्या किंवा वेळ मोजून भागवा.

प्रश्न: एका छोट्या फंक्शनच्या आधी आणि नंतर आरडीपीएमसी इन्स्ट्रक्शनने थेट काउंटर वाचतो. कधी ४० सायकल, कधी ९, एकदा तर उणे आकडा आला.

उत्तर: प्रोसेसर इन्स्ट्रक्शन लिहिलेल्या क्रमाने चालवत नाही, आणि आरडीपीएमसी कुणाला थांबवतही नाही. तुमचं फंक्शन संपायच्या आधीच दुसरं वाचन उरकलं की आले ९. दोन्ही वाचनांच्या आजूबाजूला एलफेन्स (आधीच्या इन्स्ट्रक्शन संपेपर्यंत थांबवणारी इन्स्ट्रक्शन) टाका. मग मधे काहीच न ठेवता नुसती दोन वाचनं शंभरदा करा आणि त्यातला सगळ्यात लहान फरक हा मोजण्याचाच खर्च म्हणून वजा करा. उणे आकडा बहुधा दोन वाचनांच्या मधे थ्रेड दुसऱ्या कोअरवर गेल्यामुळे, तिथला काउंटर वेगळाच असतो. तरी त्या ४० वर माझा फारसा विश्वास नाही, फंक्शन लूपमध्ये दहा हजार वेळा चालवून भागाकार करा.

प्रश्न: हॅसवेलच्या जुन्या सर्व्हरवर बूट होताना कर्नल एचएसडी२९ असं काहीतरी छापतो. दुर्लक्ष करू का?

उत्तर: नका करू, सुरुवातीला म्हटलेली चिपची चूक ती हीच. सँडी ब्रिज, आयव्ही ब्रिज आणि हॅसवेलवर हायपरथ्रेडिंग चालू असताना एका थ्रेडवर काही ठरावीक मेमरी इव्हेंट मोजले की शेजारच्या थ्रेडचे काउंटर बिघडू शकतात, म्हणजे मोजणारे तुम्ही आणि आकडा खराब होणार शेजाऱ्याचा. २०१५ पासून लिनक्स यावर तोडगा म्हणून अशा इव्हेंटच्या वेळी शेजाऱ्याला तो काउंटर वापरू देत नाही, तुमच्या स्क्रीनवरचा मेसेज तेच सांगतोय. त्याची किंमत म्हणून काउंटर अजून कमी पडतात आणि पहिल्या प्रश्नातले ते टक्के खाली येतात. नेमकं मोजायचं असेल तर बायोसमध्ये जाऊन हायपरथ्रेडिंग बंद करा, त्या तोडग्याची गरजही राहणार नाही आणि काउंटरही चाराचे आठ होतील.